हात पोचेल तिथे

आमच्या सारसोळ्याच्या घरात संडासाच्या डाव्या भिंतीला एक पांढरा पाइप उभा लावलेला आहे. पाहुण्यांना आधी वाटतं, गळतीचं काही काम अर्धवट राहिलंय. पण हा पाइप कुठून येतही नाही आणि कुठे जातही नाही. पावसाचं पाणी गच्चीवरून खाली आणायला वापरतात तो १६० मिलिमीटरचा जाड पीव्हीसी पाइप, दोन फुटांना थोडा कमी कापलेला. वर काढता-घालता येणारं झाकण, खाली पक्कं बसवलेलं झाकण. खालच्या झाकणाच्या जरा वर, पुढच्या बाजूने एक अर्धगोल खिडकी कापली आहे आणि त्या खिडकीपासून थेट वरपर्यंत बोटभर रुंदीची फट. आत टॉयलेट पेपरचे पाच रोल एकावर एक बसतात. खालचा ओढून घेतला की वरचे आपोआप उतरतात. किती उरले ते फटीतून बसल्या जागी दिसतं.

अशा वस्तू बाजारात मिळत नाहीत असं नाही. मी पुष्कळ पाहिल्या. तारेचे उभे स्टँड, वेताच्या टोपल्या, लाकडी खोके, आणि त्यांच्या फोटोंमध्ये शेजारी हमखास एक हिरवं रोपटं. त्या सगळ्या कोरड्या बाथरूमसाठी बनवलेल्या आहेत. आपल्याकडे संडास धुतला जातो. बादलीभर पाणी, फिनेल, ब्रश, पुन्हा पाणी. जमिनीवर ठेवलेल्या टोपलीतल्या खालच्या रोलचा पहिल्याच धुण्यात लगदा होतो. त्यात सारसोळे म्हणजे नवी मुंबईतल्या नेरूळचा खाडीकडचा काठ. एका अंगाला जुनं आगरी-कोळी गाव, त्याला लागून सिडकोने आखलेले सेक्टर, पाम बीच रस्ता ओलांडला की कांदळवन आणि सारसोळ्याची जेट्टी. खारं, ओलसर वारं वर्षभर घरात फिरत असतं. बिजागऱ्या गंजतात, पावसाळ्यात कपाटातली पुस्तकं फुगतात. तारेचे स्टँड इथे कितीसे टिकणार? म्हणून भिंतीवर, जमिनीपासून वर, न गंजणारं आणि वरून झाकलेलं असं काहीतरी हवं होतं.

ते नाक्यावरच्या प्लंबरने करून दिलं. मी त्याला रोल दाखवला, आईसाठी पाच-सहा एकत्र राहायला हवेत म्हणाले. रोल हातात फिरवून बघत त्याने विचारलं, “आजी बसल्यावर हात कुठपर्यंत जातो त्यांचा?” मी पाहिलेल्या एकाही दुकानाने हा प्रश्न विचारला नव्हता. मग आईला कमोडचं झाकण लावून वर बसवलं, उजव्या हाताने आधाराचा दांडा धरायला सांगितला आणि डावा हात सहज जाईल तिथपर्यंत न्यायला सांगितला. ताणून नाही, सहज. बोटं टाइलवर टेकली तिथे त्याने पेन्सिलने खूण केली. खिडकी त्या खुणेवर आली पाहिजे, बाकी पाइप तिच्या वर. हॅक्सॉने फट कापल्यावर तो कडांवरून बराच वेळ पॉलिश पेपर फिरवत राहिला. म्हाताऱ्या माणसाच्या हाताची कातडी लगेच फाटते, हे त्याला सांगावं लागलं नाही. त्याच्या घरीही कोणीतरी म्हातारं असणार. गट्टू ठोकून, क्लॅम्प बसवून तो गेला तेव्हा आईने पहिला रोल स्वतः काढून पाहिला आणि पुन्हा वरून आत टाकायला माझ्याकडे दिला.

आईचा खुबा मोडला त्यानंतरची ही गोष्ट. पडणं, ऑपरेशन, वॉकर हे सगळं आता इतक्या घरांत झालेलं असतं की त्याचं वर्णन करत नाही. पण घरी आल्यावर खरी अडचण सुरू होते ती संडासात, आणि तिच्याबद्दल बोलायला कोणी तयार नसतं. कमरेतून खाली वाकायचं नाही. कमोड उंच करून घ्यायचा. एक हात कायम दांड्यावर. म्हणजे जमिनीवरचा मग उचलणं संपलं, बादलीत हात घालणं संपलं. जेटचा पाइप हाताशी लावला की धुणं जमतं. कोरडं करणं मात्र जमत नाही. तरुणपणी ओलाव्याचं कोणी मनावर घेत नाही, अंगची ऊब आणि चालणंफिरणं त्याचं काम करतं. दिवसाचा बराच वेळ बसून किंवा पडून असलेल्या माणसाची पातळ झालेली कातडी ओली राहिली की जांघेत सोलवटते, पावसाळ्यात बुरशीची खाज धरते आणि पाठीच्या खालच्या भागाला जखम होण्याची सुरुवात तिथूनच होऊ शकते. एकच टॉवेल रोज वापरला तर तोच संसर्ग परत परत लागू शकतो.

म्हणून आधी पाणी, मग कागद. घासायचं नाही, टिपायचं. पुढून मागे, मागून पुढे कधीच नाही, कारण बायकांना मूत्रमार्गाचा संसर्ग त्यातून होऊ शकतो. रुग्णसेवेच्या ब्युरोकडून आलेल्या मावशींनी मला हे पहिल्याच दिवशी शिकवलं. घरातली नातेवाईक मंडळी “आपल्याकडे कागद कशाला” म्हणत राहिली. मला तो वाद पटत नाही. पाणी की कागद असा प्रश्नच नाही. स्वच्छ करायला पाणीच हवं, याबद्दल मला शंका नाही, आणि आता अर्धं जगही तिकडे वळतंय. जपानच्या टोटो कंपनीने १९८० साली धुऊन देणारी कमोडची सीट बाजारात आणली आणि आज तिथे बहुतेक घरांत तशीच सीट असते. पण धुतल्यावर कोरडं करायला जे लागतं ते हाताशी असायला हवं.

हाताशी असण्याचं महत्त्व मला कुठल्याही नियमपुस्तकापेक्षा आईच्या शब्दांतून जास्त कळलं. भिंतीवर तेव्हा एकाच रोलचा, दोन्ही बाजूंनी स्प्रिंगचा दांडा दाबून बसवायचा होल्डर होता. रोल मध्येच संपायचा. नवा असायचा बाहेरच्या कपाटात. आणला तरी तो दांडा दाबून, पुठ्ठ्याच्या नळीतून घालून, दोन्ही टोकं खोबणीत बसवणं हे दोन धड हातांचं काम, आणि तिचा एक हात आधाराच्या दांड्यावर अडकलेला. मग हाक. दाराबाहेरून कोणीतरी दार किलकिलं करून हात आत घालायचा. कधी मी, कधी मावशी. एकदा घरात फक्त माझा मुलगा होता, तेव्हा तिने हाकच मारली नाही. मी येईपर्यंत तशीच बसून राहिली. त्या दिवशी रात्री ती म्हणाली, “बाय, माका हाक मारूक लावू नको.”

तिच्या या बोलण्यामागे सगळं आयुष्य होतं. आई कणकवलीकडची. लग्न होऊन सासरी आली तेव्हा घराला संडास नव्हता. बायका पहाटे अंधारात निघायच्या, नाहीतर संध्याकाळी दिवेलागणीनंतर. मधल्या वेळात गरज पडू नये म्हणून दिवसभर पाणी कमी प्यायच्या. कोणाला तरी सोबतीला हाक मारल्याशिवाय जाता येत नसे, आणि ज्या कामात माणसाला एकटं असावंसं वाटतं तेच दुसऱ्याच्या सोयीने करावं लागायचं. पावसात चिखल, वर इरलं, हातात टमरेल. नवी मुंबईत आली तेव्हा तिला समुद्र, रेल्वे, दुकानं यांचं फारसं कौतुक वाटलं नाही. घराच्या आत कडी लावता येणारी एक खोली आहे आणि तिथे दिवसाच्या कोणत्याही वेळी कोणाला न सांगता जाता येतं, हे तिला शहराने दिलेलं सगळ्यात मोठं देणं वाटायचं. ते देणं खुबा मोडला त्या दिवशी हातून गेलं.

कणकवलीचं नाव निघालं की अप्पा पटवर्धनांची आठवण काढल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. कोकणचे गांधी म्हणून त्यांना लोक ओळखतात, पण त्यांचं संडासाचं काम आज फार थोड्यांना ठाऊक आहे. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी संडाससफाईचं काम आपल्याला द्यावं म्हणून मागणी केली. ते काम ठरावीक जातीच्या कैद्यांकडूनच करून घेतलं जाई, म्हणून त्यांना नकार मिळाला. त्यांनी अन्न सोडलं, आणि येरवड्याच्या तुरुंगात असलेल्या गांधीजींनीही त्यांच्यासाठी उपवास केला. पुढे १९४८ साली कणकवलीजवळ वागद्याला गोपुरी आश्रम उभा राहिला. तिथे अप्पांनी कमी खर्चाच्या संडासाचे प्रयोग केले. मैला कोणाला डोक्यावर वाहावा लागू नये, माणसाला आडोसा मिळावा आणि मातीला सोनखत मिळावं. संडास कुठे बांधायचा, कोणाला तिथपर्यंत चालत जाता येईल, झाकण कसं असावं, माती टाकायची सोय कुठे असावी, असे बारीक प्रश्न त्यांनी तत्त्वज्ञानाच्या प्रश्नांइतक्याच गांभीर्याने घेतले. माणूस तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक होता, पण खड्ड्याची खोली मोजायला स्वतः उतरायचा. हाताने मैला साफ करण्यावर देशात कायद्याने बंदी आली ती १९९३ साली आणि पुन्हा अधिक कडक २०१३ साली. आजही गटारात उतरून माणसं मरतात. मला अप्पांच्या कामाचा हा धागा महत्त्वाचा वाटतो. संडास सुधारायचा तर आधी त्यातल्या माणसाकडे बघावं लागतं, वापरणाऱ्याकडेही आणि साफ करणाऱ्याकडेही.

कागदाच्या बाबतीतही साफ करणाऱ्याचा विचार आहेच. टॉयलेट पेपर मुद्दाम असा बनवतात की पाण्यात त्याचे धागे सुटावेत. स्वयंपाकघरातला पेपर टॉवेल किंवा हॉटेलातला नॅपकिन ओला झाला तरी फाटू नये म्हणून त्यात वेगळी द्रव्यं घातलेली असतात, आणि ओल्या वाइप्समध्ये तर बहुतेक वेळा प्लास्टिकचे धागे असतात. ते विरघळत नाहीत. इमारतीच्या लाइनीत अडकतात, तिथून सुटले तर पुढे नेरूळच्या मलप्रक्रिया केंद्राच्या जाळीवर जाऊन साठतात आणि ते काढायला कोणीतरी माणूसच लागतो. खात्री करायची असेल तर पेलाभर पाण्यात एक तुकडा टाकून चमच्याने ढवळा. विरला तर थोडा थोडा फ्लश करायला हरकत नाही, नाहीतर झाकणाच्या डब्यात. नवी मुंबई २०२० च्या स्वच्छ सर्वेक्षणात देशात तिसरी आली, त्यामागे या न दिसणाऱ्या जाळ्यांवरची माणसं आहेत.

या कागदाच्या इतिहासात लाज कायम दिसते. अमेरिकेत जोसेफ गेयटीने १८५७ साली कोरफडीचा अंश असलेले सुटे कागद मूळव्याधीवरचं औषध म्हणून विकायला काढले. औषध म्हटलं की मागायला संकोच वाटत नाही. गुंडाळीचा कागद विकणाऱ्या फिलाडेल्फियाच्या स्कॉट बंधूंनी बरीच वर्षं स्वतःचं नाव मालावर घातलं नाही, दुकानदारांच्या नावाने तो विकला जाऊ दिला. जर्मनीत १९२८ साली हान्स क्लेंकने हाकले नावाचा कागद आणला. त्याच्या जाहिरातीचा आशयच असा होता की हाकले मागा, म्हणजे पुढचं बोलावं लागणार नाही. आपल्याकडे औषधाच्या दुकानात आजही मोठ्यांचे डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून देतात. लाजेचं हे जाळं देशोदेशी सारखंच आहे, आणि त्याचा सगळ्यात जास्त त्रास आजारी माणसाला होतो, कारण त्याला मागावं लागतं.

गुंडाळी आणि फाडायच्या रेषा यांचं पेटंट अमेरिकेतल्या आल्बनीच्या सेथ व्हीलरचं, १८९१ सालचं. त्याच्या आकृतीत कागदाचं सुटं टोक पुढच्या बाजूने खाली येताना दिसतं. तिकडे यावरून घराघरांत गमतीचे वाद होतात म्हणे. आमच्याकडे तो कामाचा मुद्दा ठरला. टोक भिंतीच्या बाजूला गेलं की आईची बोटं ते शोधत राहायची. पुढे असलं की दोन बोटांत लगेच यायचं. पाइपबरोबरच आम्ही जुना स्प्रिंगचा होल्डरही काढला आणि तिथे नुसता काटकोनात वाकवलेला स्टीलचा दांडा लावला, एका बाजूने मोकळा. रोल एका हाताने सरकवायचा, झालं. दांड्याचं टोक किंचित वर वळवलेलं, म्हणजे रोल घरंगळत नाही.

रोल साठवण्याची धास्ती जगाने दोनदा तरी पाहिली. १९७३ च्या तेलसंकटात जपानमध्ये ओसाकाजवळच्या एका दुकानापुढे बायकांची रांग लागली आणि ती बातमी देशभर पसरून दुकानं रिकामी झाली. मार्च २०२० मध्ये तेच ऑस्ट्रेलियात झालं. तिथल्या एनटी न्यूज या दैनिकाने वाचकांना कापून वापरायला म्हणून आठ पानं कोरी छापली. कारण तसं साधं आहे. रोल स्वस्त पण जागा खाणारे, म्हणून दुकानदार थोडेच ठेवतो. चार जणांनी जास्त उचलले की फळी रिकामी दिसते, आणि रिकामी फळी पाहून पाचवा घाबरतो. माझा भाचा तेव्हा मेलबर्नला होता. त्याच्या बाथरूममध्ये दादरहून नेलेला प्लास्टिकचा मग आधीपासून होता, त्यामुळे तो निश्चिंत होता. परदेशातल्या कितीतरी मराठी घरांत असा मग कमोडच्या मागे उभा असतो.

पण आईला पाच रोल लागायचे ते या धास्तीपोटी नव्हे. तिला पुढचा दिवस सुरक्षित करायचा नव्हता, आत्ताची दहा मिनिटं स्वतःची हवी होती. एकदा भरला की पाइप बरेच दिवस पुरायचा, आणि फटीतून दोनच दिसू लागले की ती बाहेर येऊन, जेवताना, भाजी संपली म्हणून सांगावं तशा आवाजात सांगायची, “रोल घालूक होये.” सांगणं आणि हाक मारणं यांत किती अंतर आहे ते मला तेव्हा कळलं. पहिलं घरातल्या कर्त्या बाईचं असतं, दुसरं अडकलेल्या माणसाचं.

अमेरिकेत १९९० साली अपंगांच्या हक्कांचा कायदा झाला. त्याच्या नियमांत या एवढ्याशा वस्तूची जागा इंचांत लिहिलेली आहे. कागदाच्या होल्डरचा मध्य कमोडच्या पुढच्या कडेपासून ७ ते ९ इंच पुढे हवा. कागद बाहेर येतो ती जागा जमिनीपासून १५ ते ४८ इंचांच्या दरम्यान हवी. आधाराच्या दांड्यामागे तो दडता कामा नये, आणि एका वेळी थोडाच कागद सोडणारं यंत्र लावायचं नाही. ज्याने हे लिहिलं त्याने कोणालातरी कमोडवर बसून हात लांबवताना नीट पाहिलं असणार. आमच्या प्लंबरने पेन्सिलने केलेली खूण मी नंतर टेपने मोजली, ती याच पट्ट्यात येत होती. आपल्याकडेही दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ साली आला आणि इमारती सर्वांना वापरता याव्यात म्हणून केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. ती रेल्वे स्थानकं, सरकारी कार्यालयं अशा सार्वजनिक जागांपर्यंत थोडीफार पोचली. घराच्या संडासापर्यंत कोणी पोचलेलं नाही.

नवी मुंबईची वस्ती वसली ती तरुण माणसांची. सिडकोची स्थापना १९७० ची, रेल्वे वाशीपर्यंत १९९२ ला आणि नेरूळला १९९३ ला आली. तेव्हा पस्तिशीत असलेली माणसं आता पासष्टीच्या पुढे गेली आणि घरं तशीच राहिली. जुन्या इमारतींतला संडास म्हणजे जेमतेम एक माणूस उभा राहील एवढी खोली, आणि त्याचं दार आत उघडतं. आतला माणूस पडला तर त्याच्याच अंगाने दार अडतं. आमच्याकडे आम्ही दार बाहेर उघडणारं करून घेतलं, कडीच्या जागी बाहेरून नाण्याने फिरवता येईल असं कुलूप बसवलं, दांडा लावला आणि रात्री उजेड राहील असा छोटा दिवा ठेवला. पुनर्विकासाच्या सभांना मी जाते. तिथे पार्किंग, क्लबहाउस, लिफ्टच्या कंपनीचं नाव यांवर तास तास चर्चा होते. संडासाच्या दाराची रुंदी विचारणारी मी एकटीच असते, आणि दर वेळी ती विचारते.

पुनर्विकासाचा आराखडा तुमच्याही सोसायटीत येईल तेव्हा तुम्हीही विचारा. दार किती रुंद, ते कुठे उघडतं, दांडा ठोकायला भिंत पक्की आहे का. आणि त्याची वाट न पाहता, घरात साठीपुढचं कोणी असेल तर आज एकदा दार लावून तुमच्या कमोडवर बसा, उजव्या हाताने भिंत धरा आणि डावा हात सहज जाईल तिथपर्यंत न्या. पाण्याचा पाइप, कागद, फ्लशचं बटण, यांतलं जे हाताला लागणार नाही ते या आठवड्यात खाली किंवा पुढे आणून घ्या. प्लंबरचं अर्ध्या दिवसाचं काम आहे.